सायप्रसमध्ये मांजरांच्या नसबंदीला हातभार लावायचाय? पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

सायप्रसला सुट्टीवर आलेला माणूस पहिल्या संध्याकाळी टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत, बसतो, टेबलाखाली घुटमळणाऱ्या मांजराला माशाचा तुकडा टाकतो आणि फोटो काढतो. दोन-तीन दिवसांनी त्याला बाकीचंही दिसायला लागतं. चिकटलेले डोळे, हॉटेलमागच्या कचरापेटीत उतरलेली गाभण मांजरी, रस्त्याच्या कडेला पडलेलं पिल्लू. मग तो कुणाला तरी विचारतो, “मला काही करता येईल का?” येतं. लिमासोलला नोकरीसाठी गेलेले, निकोसियात शिकणारे किंवा सुट्टीतले आठ-दहा दिवस या कामाला द्यायचं मनात असलेले, अशा सगळ्यांसाठी ही माहिती लिहितो आहे. मांजर कधी घरात पाळलंही नसेल तरी चालेल. उलट ‘मला मांजरं फार कळतात’ म्हणणारी मंडळीच ट्रॅपमधल्या, म्हणजे पकडायच्या पिंजऱ्यातल्या, मांजराला गोंजारायला जातात आणि हात फोडून घेतात.

बेटावर माणसागणिक साधारण एक भटकं मांजर, म्हणजे दहा लाखांच्या घरात मांजरं असावीत असा अंदाज सांगितला जातो. मांजर इथलं मूळचं नाही, माणसानं होडीतून आणलं, आणि तेही फार पूर्वी. शिलूरोकांबोस इथल्या उत्खननात माणसाच्या शेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. पुढे चौथ्या शतकात संत हेलेनानं साप मारण्यासाठी जहाज भरून मांजरं पाठवली, अशी दंतकथा आहे. आक्रोतिरीजवळ ‘मांजरांचा संत निकोलस’ नावाचा मठ आजही आहे, आणि तिथल्या भूशिराचं नाव गाता, म्हणजे मांजरच. सांगायचा मुद्दा असा की इथल्या लोकांना मांजरं नवी नाहीत. आपण बाहेरून येऊन त्यांना भूतदया शिकवायची नाही. भरपूर लोक वर्षानुवर्षं पदरमोड करून मांजरांना खाऊ घालतात. कमी पडतात ते पकडणारे हात, गाड्या आणि ऑपरेशनचे पैसे. सरकारी नसबंदी योजनेचा वार्षिक निधी २०२५ पर्यंत एक लाख युरो होता आणि त्यात वर्षाला साधारण २,००० ऑपरेशनं व्हायची. तो तिप्पट करण्याची घोषणा झाली, पण दहा लाखांपुढे तोही आकडा ठेवून पाहा.

एकच अड्डा, पण पुरा

या कामाला टीएनआर म्हणतात. पकडायचं, नसबंदी करायची, जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. नवखा माणूस आज बंदरावरची दोन, उद्या हॉटेलमागची तीन, परवा बसस्टॉपवरचं एक अशी पकडत सुटतो. आठवड्याअखेरीस आकडा छान दिसतो आणि बेटावर काडीचाही फरक पडत नाही. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गर्भ नऊ आठवड्यांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. दहा मांजरांच्या अड्ड्यावर सहांची नसबंदी करून थांबलात आणि उरलेल्या चारांत दोन माद्या असल्या, तर पुढच्या उन्हाळ्यात तो अड्डा जिथल्या तिथे. अड्ड्याची संख्या स्थिर ठेवायची तर निदान ७० टक्के मांजरांची नसबंदी हवी, हा आकडा या कामातले लोक धरून चालतात. माझं मत विचाराल तर छोट्या अड्ड्यावर टक्केवारी विसरा आणि सगळीच करा.

म्हणून कुणाला भेटायचं, ट्रॅप कुठे लावायचा, कोणत्या रात्री लावायचा, हे सगळं ‘हा अड्डा पुरा कसा होईल’ एवढ्या एकाच प्रश्नावरून ठरवायचं.

कधी जायचं, आधी कुणाला गाठायचं

नोव्हेंबर ते जानेवारी हा सगळ्यांत चांगला काळ. मांजरींचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस लहान असताना बऱ्याच जणी शांत असतात, दिवस वाढायला लागले की चक्र सुरू. हिवाळ्यात गाभण आणि ओल्या, म्हणजे पिल्लांना पाजणाऱ्या, मांजरी कमी सापडतात, त्यामुळे डॉक्टरांचंही काम सोपं होतं. दुसरं कारण हॉटेलांचं. आयिया नापा, प्रोतारास या भागात हंगाम संपला की बहुतेक हॉटेलं बंद होतात, आणि उन्हाळाभर बुफेच्या उरल्यासुरल्यावर जगलेली मांजरं एकदम उपाशी पडतात. उपाशी मांजर ट्रॅपमध्ये लवकर शिरतं. ऐकायला दुष्टपणा वाटेल, पण याच दिवसांत काम झपाट्यानं उरकतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५-४० अंशांपर्यंत चढतो. तेव्हा जाणार असाल तर फक्त पहाटे आणि रात्री.

गोव्यात किनाऱ्यावरची शॅक पावसाळ्याआधी उतरवतात तेव्हा तिथल्या कुत्र्या-मांजरांची जी गत होते, तीच इथे हिवाळ्यात. तिकडे हे काम केलेल्यांना इथली लय लगेच कळते. फरक एकच, पण मोठा. सायप्रस रेबीजमुक्त आहे, आपला देश नाही. भारतात ट्रॅपला हात लावण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घेतलेली असलीच पाहिजे.

स्वतःहून ट्रॅप विकत घेऊन सुरुवात करू नका. पाफोस, लिमासोल, लार्नाका, सगळीकडे मांजरांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्था आणि गट आहेत. पाफोसकडे त्यांत निवृत्त ब्रिटिश मंडळी बरीच. निघण्यापूर्वी महिनाभर तरी त्यांच्याशी बोला आणि तीन गोष्टी विचारा. कोणता अड्डा अर्धवट राहिलाय? ट्रॅप कुणाकडे आहेत? डॉक्टरांकडे किती जागा मिळतील? तुम्ही पर्यटक व्हिसावर असाल तर बिनपगारी कामाबद्दलचा नियम दूतावासाला लेखी विचारून ठेवा, संस्थेच्या तोंडी शब्दावर राहू नका.

त्यानंतर भेटायचं खाऊ घालणाऱ्यांना. प्रत्येक अड्ड्याला एक अन्नदाती असतेच. कुणी आजीबाई, कुणी टॅव्हर्नाची मालकीण, कुणी हॉटेलचा रात्रपाळीचा माळी. कोणतं मांजर किती वाजता येतं, कोण कुणाचं पिल्लू, कोण परवाच टाकलेलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना न सांगता ट्रॅप लावलात तर त्यांचा समज होणार की मांजरं कुणीतरी मारायला नेतोय. तो समज अगदीच निराधार नाही, विष घालण्याचे प्रकार इथे होतात. गावात असाल तर मुख्तारला, म्हणजे गावच्या प्रमुखालाही, भेटून घ्या. इंग्रजी बहुतेकांना येतं, पण ‘कालिमेरा’ (सुप्रभात) म्हणून सुरुवात करा आणि कॉफी पुढे आली तर नाही म्हणू नका. ती अर्धा तास खाते, पण पुढच्या चार रात्री वाचवते.

मोजणी

ट्रॅपला हात लावण्याआधी दोन-तीन संध्याकाळी खाण्याच्या वेळेला नुसतं बसायचं आणि मोजायचं. मोबाईलमध्ये प्रत्येक मांजराचे तीन फोटो घ्या, डावी कूस, उजवी कूस, चेहरा. सायप्रसची बरीच मांजरं पट्ट्यांची असतात आणि पहिल्या दिवशी सगळी एकसारखी दिसतात. कुशीवरचे पट्टे मात्र प्रत्येकाचे वेगळे, आणि डाव्या-उजव्या कुशीचेही वेगळे. नुसता समोरून काढलेला फोटो नंतर काही उपयोगाचा नाही.

नर-मादीचा अंदाज रंगावरूनही येतो. तिरंगी किंवा काळं-नारिंगी मिसळलेलं मांजर जवळजवळ नक्की मादी. पूर्ण नारिंगी असेल तर बहुधा बोका. मोठं डोकं, फुगलेले गाल, म्हणजे नसबंदी न झालेला प्रौढ बोका.

आता कान. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचं टोक गुंगीत असतानाच सरळ रेषेत कापतात, साधारण एक सेंटीमीटर. काही ठिकाणी त्याऐवजी खाच पाडतात. तुमच्या भागात कोणती खूण आणि कोणत्या कानावर करतात हे विचारून घ्या. इथे फसगत होते ती पांढऱ्या मांजरांच्या बाबतीत. भूमध्य सागरी उन्हानं पांढऱ्या कानांच्या कडांना कर्करोग होतो, कान खरवडल्यासारखा झिजत जातो आणि लांबून कापलेला वाटतो. मारामारीत फाटलेले कानही असतात. सरळ, स्वच्छ कड दिसली तरच ‘झालं’ म्हणायचं. झिजलेला, खपली धरलेला पांढरा कान दिसला तर ते मांजर यादीत वर घ्या, त्याला तसंही डॉक्टर हवाच आहे.

पोटाकडेही नीट बघा. पोट गोल आणि अंग भरलेलं असेल तर गाभण. पोट फुगलेलं पण पाठीचा कणा हाताला लागेल इतका वर आलेला, अंग निस्तेज, तर ते पिल्लांचं पोट नसेलही. २०२३ मध्ये सायप्रसभर मांजरांच्या कोरोनाविषाणूच्या नव्या प्रकारानं एफआयपी या रोगाची साथ आली. या रोगात पोटात पाणी साठतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं माणसांच्या कोविडसाठी आणलेल्या गोळ्या मांजरांना द्यायला परवानगी दिली. माणसांच्या त्या कोविड विषाणूशी याचा संबंध नाही, तुम्हाला त्यापासून धोका नाही. पण असं मांजर नेताना डॉक्टरांना आधी सांगायचं, आणि तो ट्रॅप धुतल्याशिवाय दुसऱ्यासाठी वापरायचा नाही. खरं तर कोणताच ट्रॅप न धुता वापरू नये. साबणानं धुऊन, मग पातळ ब्लीचचं पाणी दहा मिनिटं ठेवून, पुन्हा साध्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवायचा. साध्या फिनेलवर विसंबू नका. मांजरांना फिनेल विषारी आहे.

आधी डॉक्टरांची वेळ, मग ट्रॅप

सोमवारी डॉक्टरांकडे चार जागा असतील तर रविवारी रात्री चारच मांजरं पकडायची. पाचवं आत शिरलं तर सोडून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी. जागा नसताना मांजर दोन दिवस ट्रॅपमध्ये ठेवणं म्हणजे छळ आहे. अपवाद एकच. महिनोन् महिने हुलकावणी देणारी एखादी मादी अचानक सापडली तर रात्रीच डॉक्टरांना फोन करून विनवणी करा. बहुतेक डॉक्टर ऐकतात.

काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. गाभण मांजरी निघाली तर ऑपरेशन करायचं का? बहुतेक ठिकाणी करतात, अगदी दिवस भरत आले असतील तर डॉक्टर ठरवतात. हे तुम्हाला मनाला लागणार असेल तर आधीच मोकळेपणानं बोला, त्या सकाळी दवाखान्याच्या दारात वाद घालू नका. मला स्वतःला हा प्रश्न सोपा वाटत नाही, पण ज्या बेटावर जन्मलेल्या पिल्लांना घरं मिळत नाहीत तिथे माझं उत्तर ‘करायचं’ हेच आहे. पिल्लं साधारण दोन महिन्यांची आणि किलोभर वजनाची झाली की त्यांचंही ऑपरेशन होतं.

सामान

ट्रॅप संस्थेकडून घ्या. नेहमीचा ट्रॅप म्हणजे हातभर-दीड हात लांबीचा जाळीचा पिंजरा, आत एक पट्टी, तिच्यावर पाय पडला की दार खाली येतं. याशिवाय हवी प्रत्येक ट्रॅपसाठी एक जुनी चादर किंवा मोठा टॉवेल, वर्तमानपत्रं, टॉर्च, जाड चामडी हातमोजे, नावपट्ट्या, दोरी, आणि गाडीत अंथरायला प्लॅस्टिक. भाड्याच्या गाड्यांना इथे लाल नंबरप्लेट असते आणि त्या परत करताना कंपनीचा माणूस आत नाक घालतो. बोक्याच्या मुताचा वास कुठल्याही अत्तरानं जात नाही. प्लॅस्टिक दुहेरी अंथरा.

आमिष वासाचं हवं. तेलातले सार्डिन, बांगड्याचा डबा, भाजलेलं चिकन. हल्लूमी हे इथलं चीज नको, फार खारट असतं.

पकडायची रात्र

आदल्या दिवसापासून अड्ड्यावरचं खाणं पूर्ण बंद. पाणी ठेवायचं. इथे निम्म्या मोहिमा फसतात, कारण अन्नदातीचं मन विरघळतं आणि ती गुपचूप वाटीभर टाकून जाते, किंवा पलीकडच्या टॅव्हर्नातले पर्यटक खाऊ घालतात. टॅव्हर्नावाल्याला आधी सांगून ठेवा. तरीही कुणी घातलंच तर त्या रात्रीचा नाद सोडा. पोट भरलेलं मांजर ट्रॅपकडे बघत जांभई देतं.

ट्रॅप सपाट जमिनीवर ठेवा, हाताने दाबून डुगडुगत नाही ना ते बघा. तळाशी वर्तमानपत्राची घडी घाला, जाळी पायांना नको वाटते. वारा असेल तर कागद चिकटपट्टीनं बांधा, फडफडला की मांजर पळालंच. आमिष पट्टीच्या पलीकडे, अगदी मागच्या टोकाला. दाराशी थेंबभर तेल, मध्ये माशाचा एखादा कण, एवढंच. रस्ताभर मेजवानी मांडलीत तर ते दारातच जेवून निघून जाईल. दाराचं तोंड मांजर जिकडून येतं तिकडे, पाठ भिंतीला किंवा झुडपाला. झुडपात हात घालण्याआधी टॉर्च मारा. गरम दिवसांत संध्याकाळी तिथे फिना असू शकते. बेटावरचा हा सर्वांत घातक साप, आपल्या घोणसाच्या जातकुळीतला.

मग लांब जाऊन बसा. गाडीत किंवा भिंतीआड, पण ट्रॅप नजरेच्या टप्प्यात हवा. ट्रॅप लावून जेवायला जाणं हा या कामातला सगळ्यांत मोठा गुन्हा. अडकलेलं मांजर जाळीवर थोबाड आपटून नाक फोडून घेतं, कुत्री येतात, कुणी दारुडा ‘सुटका’ करतो किंवा त्याहून वाईट काही करतो. मोबाईल शांत करा. गप्पाही हळू आवाजात.

दार पडल्याचा आवाज आला की धावत सुटू नका. शांतपणे चालत जा, आधी पूर्ण ट्रॅपवर चादर टाका. अंधार झाला की बहुतेक मांजरं मिनिटभरात गप्प होतात. मग चादरीचं टोक उचलून कान बघा, फोटोशी ताडून बघा, पोटाखाली बघा. स्तनांभोवतीचे केस गेलेले आणि सड ओढलेले दिसले तर ती ओली आहे, कुठेतरी पिल्लं वाट बघताहेत. अशा मादीबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा. पिल्लं खाऊ लागण्याइतकी मोठी असतील तर सकाळी पहिल्यांदा तिचं ऑपरेशन करून त्याच संध्याकाळी सोडता येतं, ऑपरेशननं दूध आटत नाही. पिल्लं फार लहान असतील किंवा काहीच माहीत नसेल तर सोडून द्या आणि नाव यादीत ‘नंतर’ म्हणून ठेवा. सोडलेली मादी दुसऱ्यांदा सहजी शिरत नाही हे खरं, त्यावरचा उपाय पुढे येतोय.

भलतंच कुणी आत आलं तर? गळपट्टा असेल तर सोडा. गळपट्टा नाही पण माणसाळलेलं असेल तर आसपासच्या घरांत विचारा. मांजर फारच लाडिक असेल तर त्याच्या गळ्यात कागदी पट्टी सैलसर अडकवून तिच्यावर ‘हे मांजर तुमचं आहे का?’ आणि फोन नंबर लिहून सोडतात, मालक असेल तर संध्याकाळपर्यंत फोन येतो. रात्री कधीकधी लांब कानांचा जाहक, म्हणजे साळिंदरासारखा काटेरी पण छोटा प्राणी, आत बसून तुमचे सार्डिन चापत असतो. त्याला घाई नसते. दार उघडून ठेवा, संपलं की जाईल.

कुठलंही कारण असो, ट्रॅपच्या बाहेर मांजराला हात लावायचा नाही. ट्रॅपमधून दुसऱ्या पिंजऱ्यात घालायचं काम अनुभवी माणसाचं. गुंगीचं इंजेक्शन द्यायला दवाखान्यात आतली भिंत सरकवून मांजराला एका बाजूला अडवणारा पिंजरा असतो, ते तिथलेच लोक करतील.

चावलंच तर नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांजराचे सुळे सुईसारखे, जखम वरून एवढीशी दिसते आणि आत पू धरते. सांध्यावर किंवा तळहातावर चावा असेल तर सकाळपर्यंतही थांबू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन भारतातूनच घेऊन निघा. आपत्कालीन क्रमांक ११२.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतरची रात्र

पकडल्यापासून सकाळपर्यंत ट्रॅप झाकलेलेच, शांत, हवेशीर जागी ठेवायचे. मोठ्या मांजरांना ऑपरेशनआधी खाणं नाही. पिल्लांना तितका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांचं डॉक्टरांना विचारून. प्रत्येक ट्रॅपवर नावपट्टी: अड्डा, नेमकी जागा, फोटोतला क्रमांक, काही शंका. ‘करडं पट्ट्यांचं’ एवढंच लिहिलंत तर संध्याकाळी पाच करड्या मांजरांमधलं कुठलं कुठे सोडायचं हे देवालाही सांगता येणार नाही.

परत मिळेल तेव्हा मांजर गुंगीत असतं, बऱ्याचदा डोळे सताड उघडे. घाबरू नका, ती गुंगीच्या औषधाची तऱ्हा आहे. डॉक्टरांनी डोळ्यांत मलम घातलेलं असतं. ट्रॅप सपाट ठेवा, मांजराचं तोंड कागदात किंवा कोपऱ्यात दबलेलं नाही ना ते बघा. खोली उबदार हवी. हिवाळ्यात किनाऱ्यावरही रात्री गारठा असतो आणि गुंगीत अंग थंड पडतं. थेट हीटर मात्र लावू नका, मांजराला सरकता येत नाही. पूर्ण शुद्धीवर येऊन डोकं ताठ धरेपर्यंत खाणं-पाणी नाही. मग थोडंसं.

जखमेतून रक्त ठिबकत राहणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, तोंड उघडं ठेवून श्वास, किंवा संध्याकाळ उलटली तरी डोकं न उचलणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच फोन. दुखत असेल म्हणून आपल्या पिशवीतली गोळी देण्याचा मोह होतो. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं पर्मेथ्रिन असलेलं औषधही तसंच, दुकानात मांजरांच्या औषधाशेजारीच ठेवलेलं असतं. वेदनाशामक आणि प्रतिजैविक डॉक्टरांनी इंजेक्शनमधून दिलेलं असतं, वर आपण काही घालायचं नाही.

बोका साधारण दुसऱ्या दिवशी सोडता येतो, मादीला एक-दोन दिवस. टाके विरघळणारे असतात, काढायला परत पकडायला लागत नाही.

सोडायचं तिथेच, जिथे पकडलं. ‘त्या घाणेरड्या कचरापेटीपेक्षा आमच्या छान डोंगरात सोडू’ हा विचार मायेचा, पण मांजराचा घात करणारा. त्याला अन्न, पाणी, लपायची जागा फक्त त्याच्या मुलखात माहीत असते. परक्या जागी ते बिथरून पळत सुटतं आणि बहुधा गाडीखाली जातं. दाराचं तोंड रस्त्याच्या उलट, झाडीकडे करा. दार उघडा, चादर थोडी मागे घ्या, बाजूला व्हा. एखादं तिरासारखं सुटतं, एखादं पाच मिनिटं बसून तुमच्याकडे बघतं. हलवून बाहेर काढायचं नाही. आणि लक्षात ठेवा, बोका ऑपरेशननंतरही काही आठवडे बाप होऊ शकतो, त्यामुळे पुढच्या महिन्यात एखादी उरलेली मादी गाभण दिसली तर डॉक्टरांना दोष देऊ नका.

शेवटची दोन

पहिली सात-आठ मांजरं कुणीही पकडतं. तुमची खरी गरज असते ती उरलेल्या दोघांसाठी, आणि नेमकं तेव्हाच लोक कंटाळून दुसऱ्या अड्ड्याकडे वळतात. उरलेलं एखादं बहुधा जुनीजाणती भाटी असते. तिनं बाकीच्यांवर दारं पडताना पाहिलेली असतात किंवा ती स्वतः एकदा अडकून सुटलेली असते. बेटावरच्या पिल्लांचं मूळ तिच्यात आहे.

सुरुवात ट्रॅपची भीती मोडण्यापासून. दार वर दोरीनं घट्ट बांधून टाका, पडूच शकणार नाही असं, आणि आठवडाभर तिचं रोजचं खाणं त्या ट्रॅपमध्येच ठेवा. पहिल्या दिवशी दाराशी, मग रोज थोडं आत. एक दिवस ती बिनधास्त मागच्या टोकाला उभी राहून जेवायला लागते. त्यानंतरच दोरी सोडायची. तुमची सुट्टी आठच दिवसांची असेल तर हे काम पहिल्याच दिवशी अन्नदातीच्या हाती सोपवा. ट्रॅप जागेवर राहायला मात्र तिच्या अंगणासारखी राखलेली जागा हवी.

तेवढा वेळ नसेल तर पडणारा ट्रॅप वापरा. मोठी जाळीची पेटी एका बाजूनं काठीवर तोललेली, काठीला लांब दोरी. मांजर आत जेवायला लागलं की दोरी ओढायची. पट्टी नाही, बोगदा नाही, त्यामुळे शहाणी मांजरंही फसतात. दोरी ओढायच्या आधी तिची शेपटीही आत आहे ना, दुसरं पिल्लू कडेला नाही ना, हे बघायचं. पेटी पडली की लगेच चादर टाकायची आणि दोघांनी मिळून पेटी दाबून धरायची. एकट्यानं हा प्रयोग नको, घाबरलेलं मांजर हलकी पेटी उचलून पळतं.

पिल्लं सापडली असतील तर आईला आणणं सोपं. पिल्लं बंद पिंजऱ्यात, तो पिंजरा ट्रॅपच्या मागच्या टोकाला चिकटवून दोन्हीवर मिळून एकच चादर, म्हणजे पिल्लांपर्यंत जायचा रस्ता ट्रॅपमधूनच. पिल्लं नसली तर मोबाईलवर पिल्लाच्या ओरडण्याचा आवाज हळू लावून ट्रॅपच्या मागे ठेवतात. नेहमी चालतं असं नाही, पण चालतं तेव्हा दोन मिनिटांत. आमिष बदलून बघा, वेळ बदलून बघा. माशाला भीक न घालणाऱ्या मांजरी तळलेल्या चिकनला फशी पडतात.

पकडणं तुमच्यानं होणार नसेल तर

रात्री जागणं किंवा ट्रॅपमधली धडपड बघणं सगळ्यांना झेपत नाही. गाडी चालवणारा माणूस पकडणाऱ्याइतकाच लागतो. इथे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे मराठी माणसाला त्यात अडचण नाही. चादरी धुणं, ट्रॅप धुणं, नोंदवही नीट लिहिणं, ही कामं कायम पडून असतात. युरोपातल्या दुसऱ्या देशात जाणार असाल तर दत्तक गेलेलं मांजर सोबत नेणारा प्रवासी म्हणूनही नाव देता येतं. मायक्रोचिप, रेबीजची लस, ती घेऊन २१ दिवस झालेले आणि पासपोर्ट, हे सगळं संस्था करते, तुम्ही फक्त विमानात बसायचं. पिल्लू आवडलं म्हणून उचलून संस्थेच्या दारात ठेवून जाणं ही मात्र मदत नव्हे. त्यांच्या सगळ्या जागा आधीच भरलेल्या असतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी नोंदवही कुणाच्या तरी हातात द्या, नुसती ‘मेल केली’ असं नको. फोटो, तारीख, नर की मादी, कान झाला की नाही, ओली होती का, आणि उरलेली कोण, कुठे, किती वाजता येते. अन्नदातीला ती उरलेली मांजरं फोटोवर दाखवून खात्री करून घ्या. हंगाम संपताना अशा जागी नवी मांजरं येतात, काही स्वतःहून, काही कुणीतरी रात्री गाडीतून आणून टाकलेली. अखंड कानाचं नवं मांजर दिसलं की फोन कुणाला करायचा आणि ट्रॅप कुणाच्या गॅरेजमध्ये आहे, हे तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवून या. ग्रीकमध्ये, आणि नंबर दोनदा तपासून.